अनसाबाईचा तिसरा उ

आपण वरीसभर सुनेला चुकीच्याच नावानं हाक मारत होतो, हे अनसाबाईला कळलं ते एका दुपारी, कांदे निवडताना.

मळदच्या शिवारात, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्यांची वस्ती. चार एकर रान, पत्र्याचं घर, घरामागं कांद्याची चाळ आणि तिच्याजवळ जाळीच्या कुंपणात वीसेक मेंढरं. एके काळी दोनशे होती. दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड लादून सगळं कुटुंब घाट उतरायचं आणि पार कोकणात जाऊन यायचं. अनसाबाईचं सगळं बालपण असं चालण्यातच गेलं. शाळेची पायरी तिनं पाहिलीच नाही. आता मात्र कुणी कुठं जात नव्हतं. नवरा भैरू रान बघायचा, उरलेली मेंढरं बांधाबांधानं चारायचा. मुलगा सुरज आयटीआय करून कुरकुंभला औषधाच्या कंपनीत लागला. त्या कंपनीनं लाओस नावाच्या देशात नवा प्लँट टाकला, तेव्हा तो दोन वर्षं तिकडं गेला, आणि परत आला तो बायको घेऊनच.

भावकीत चार दिवस कुजबुज झाली. भैरूनं एकच विचारलं, "पोरगी मेंढरांना भीत न्हाई ना?"

"न्हाई भीत," सुरज म्हणाला.

"मग झालं."

पोरगी ठेंगणी, हलक्या पावलांची. घरात आलेली कळायची नाही. सुरजनं नाव सांगितलं फेंग. इथल्या लग्नाच्या पत्रिकेवर तसंच छापलं, वस्तीवर तसंच रुळलं. फेंग म्हटलं की ती लगेच वळून बघायची आणि हसायची. सुरज शिफ्टला, भैरू रानात. दिवसभर घरात या दोघीच. त्यामुळं मराठी ती शिकली ती अनसाबाईच्या तोंडून. सासूला आत्या म्हणायचं, सासऱ्याला मामा, हे पहिल्या आठवड्यात. र मात्र तिच्या जिभेवर बसत नव्हता. भाकरीची ती 'भाकली' करायची आणि नवऱ्याला 'सुलज' म्हणायची. वर्षाच्या आत ती "आत्या, चुलीवल दूध उतू चाललंय" असं धडाधड बोलायला लागली. वस्तीवरच्या पोरी हसायच्या. अनसाबाई त्यांच्यावर डोळे वटारायची.

तर त्या दुपारी दोघी चाळीच्या सावलीत बसल्या होत्या. वारा पडलेला. लांब कुठं तरी मालगाडी चालली होती आणि संपता संपत नव्हती. सुनेनं फोन कांद्याच्या क्रेटला टेकवून ठेवला होता आणि ती तिच्या आईशी बोलत होती. रोजचंच ते. अनसाबाईला त्यातलं काही कळत नसे. पाटाचं पाणी वाहावं तसं ते बोलणं तिच्या कडेनं वाहून जायचं आणि तिला ते बरं वाटायचं. कधी कधी तर तिला त्यावर डुलकी लागायची.

त्या दिवशीही डोळा लागतच होता. तेवढ्यात फोनमधून त्या बाईनं लेकीला हाक मारली. अनसाबाईचा हात कांद्यावरच थांबला. हाक लेकीलाच होती, पण नाव ते नव्हतं. त्याच्यासारखंच होतं, आणि नव्हतं.

फोन बंद झाल्यावर तिनं विचारलं, "तुझी आय तुला येगळीच हाक मारती काय गं?"

सून गोंधळली. "न्हाई आत्या. नावच."

"नाव न्हाई. म्या आयकलं. परत म्हन बघू तुझं नाव."

मग बऱ्याच आढेवेढ्यांनंतर ते बाहेर आलं. तिचं नाव फेंग नव्हतं. फॅंग होतं. तोंड जरा जास्त उघडायचं, एवढाच फरक. फेंग म्हणजे गाणं. फॅंग म्हणजे महाग. बाजारात महाग असतं तसं. आणि जीव लावलेलं माणूस महाग असतं, तसंही. बापानं तिला ते दुसऱ्या अर्थानं ठेवलं होतं.

"आन् सुरज?"

"त्यांला दोन्ही सालखंच ऐकू येतं."

"आन् तू वरीसभर वो देत ऱ्हायलीस?"

सून हसली. "गाणं पण चांगलंच की, आत्या."

ती हसून मोकळी झाली, पण अनसाबाईला ते लागलं. ती उठली, मेंढरांना पाणी दाखवलं, परत आली, तरी मनातून जाईना. तिचं स्वतःचं माहेरचं नाव बानू. माहेर शिरूर तालुक्यात, मलठणकडं. लग्न ठरलं तेव्हा कळलं की सासूचंही नाव बानाबाईच. सासूचं नाव सुनेला कसं चालेल? हळद लागायच्या आधीच कुणीतरी अनसा म्हटलं आणि ती अनसा झाली. पहिली दोन-तीन वर्षं कुणी अनसा म्हणून हाक मारली की आधी दुसरं कुणीतरी वळेल अशी तिला आशा वाटायची. मग ती आशाही सुटली. आता बानू म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. एक भाऊ होता संपत, तोही अक्का म्हणायचा.

संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर तिनं सुनेला सांगितलं, "मला शिकीव. पैलं तुझं नाव. मंग बाकीचं."

"बाकीचं कशाला?"

"तुझी आय फोनवर असती, मी हितं असती, आन् दोघी नुसत्या मान हालवतो. इहिणी-इहिणी हावोत का बाहुल्या?"

नाव शिकायला आठ दिवस लागले. अनसाबाईच्या तोंडात तो आवाजच नव्हता. बॅगेला ती ब्याग म्हणायची, ट्रॅक्टरला ट्याक्टर. त्यामुळं आधी फेंग जाऊन फ्यांग आलं. सून मान हलवायची. शेवटी तिनंच युक्ती काढली. तिच्या भाषेत शेळीला बॅ म्हणतात. नुसतं बॅ. अनसाबाईला हे इतकं आवडलं की ती दिवसभर हसत राहिली. शेळी स्वतःचं नाव स्वतःच सांगते, असा देश! आणि बॅ तर तिला येतच होतं. जन्मभर ती शेळ्यामेंढ्यांना त्यांच्याच आवाजात उत्तर देत आली होती. त्या बॅमधून मॅ आलं. मॅ म्हणजे आई. मॅमधून फॅंग आलं. ज्या दिवशी ते नीट उमटलं, त्या दिवशी सून भांडी घासत होती. ती वळली नाही. तिचे हात राखेतच थांबले. मग ती म्हणाली, "ओ."

त्यानंतर रोज दुपारी शिकवणी बसू लागली. सुनेनं आधी मोबाइलवर त्यांची अंकलिपी दाखवली. गोल गोल, वेलबुट्टीसारखी अक्षरं.

"मला आपलंच वाचता येत न्हाई," अनसाबाई म्हणाली, "हे कुठलं दावतीस? कानानं शिकीव."

कानानं शिकायचं तर कान पाहिजेत, आणि आपल्या कानांचा अनसाबाईला अभिमान होता. दोनशे मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या मेंढीला बोलावतंय ते ती पांघरुणातून सांगायची. सूर चढवणं-उतरवणं तिला फार जड गेलं नाही. मोंग म्हणजे किती वाजले त्यातलं वाजणं आणि मॉंग म्हणजे बघणं, हेही महिन्याभरात जमलं. पण मग मीठ आलं, आणि गाडी रुतली.

त्यांच्याकडं मिठाला म्हणतात कूअ. आणि भीतीलाही म्हणतात कूअ.

"दोन्ही एकच हाय की मंग," अनसाबाई म्हणाली.

"न्हाई आत्या. ऐका. कूअ." सून थांबली. "आता हे. कूअ."

अनसाबाईनं डोळे मिटून ऐकलं. दहा वेळा ऐकलं. दोन्ही वेळा तेच. संध्याकाळी सुरज आला तेव्हा तिनं त्याला वहीत लिहून घ्यायला लावलं. लिहिता येणाऱ्याला तरी फरक दिसेल! सुरजनं एका ओळीत कूअ लिहिलं, दुसऱ्या ओळीत कूअ लिहिलं आणि दोन्हीकडं बघून डोकं खाजवलं.

"आपल्याकडं दोन उ असत्यात, आई. ऱ्हस्व आन् दीर्घ. ह्यो तिसराच कुठला तरी दिसतोय. त्याला अक्षरच न्हाई आपल्यात."

अक्षरच नाही म्हटल्यावर ती त्या उच्या मागंच लागली.

सुनेनं दारामागचा आरसा काढून आणला. भीतीतला उ म्हणताना ओठ पुढं येऊन आवळतात, पोत्याचं तोंड बांधावं तसे. मिठातला उ म्हणताना ओठ ताणायचे, चिंचेनं दात आंबल्यासारखं तोंड करायचं आणि घशातून मात्र उच काढायचा. अनसाबाई आरशात बघून बघून तोंड वेडंवाकडं करायची. ओठ ताणले की उची ई व्हायची. उ सांभाळला की ओठ आपोआप आवळायचे. हळूहळू तिला सुनेच्या ओठांकडं बघून कुठला कूअ ते सांगता यायला लागलं. पण सुनेनं पदराआड तोंड लपवलं की संपलं. पुन्हा दोन्ही सारखेच.

तरीही तिनं एक वाक्य पाठ केलं आणि एका दुपारी विहीणबाईंना ऐकवायचं ठरवलं. विहिणीचं नाव बुनमी. गावाकडं भातशेती, नवरा वारलेला, सुपारी खाऊन लाल झालेले दात. फोनवर ती दिसली की अनसाबाई पदर सावरून बसायची. वाक्य साधं होतं: पाय तलात, सू कूअ. बाजारात गेलेत, मीठ घ्यायला. भैरू खरंच कुरकुंभच्या बाजाराला गेला होता, म्हणून हे वाक्य.

अनसाबाईनं ते मोठ्यानं म्हटलं. फोनमधल्या बाईनं तोंडावर हात घेतला, आणि मग ती इतकी हसली की फोन तिच्या हातून पडून नुसतं छताचं लाकूड दिसायला लागलं. इकडं सूनही पोट धरून बसली.

"काय झालं? काय म्हटलं म्या?"

सुनेला सांगता सांगता दम लागला. घेणं म्हणजे सू, त्यातही तो तिसरा उ असतो. साधा उ लावला की सू म्हणजे चोरून ठेवलेला यार. आणि मिठाची तर भीतीच झाली होती. "तुम्ही म्हटलात, मामा बाजालात गेले, याल, भीती!"

भैरू पिशवी घेऊन नेमका तेव्हाच दारात आला. "कवापास्नं आयकतोय. येवढ्या थोराड बाया सू सू काय लावलंय?"

त्यावर अनसाबाईलाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. आणि फोनमधल्या त्या छताकडं बघताना तिला पहिल्यांदा वाटलं की ही बाई आपल्या ओळखीची झाली.

त्या दिवसांत ती जरा हरवल्यासारखीच असायची. मेंढरांमागं बांधावरून चालताना ओठ आवळायची, ताणायची. कुरकुंभकडून कंपन्यांचा तो उग्र गोडसर वास यायचा, हायवेची घरघर यायची, आणि या सगळ्यात तिच्या तोंडात एक आवाज घोळत असायचा, ज्याला अक्षर नव्हतं. एकदा दुपारी बाजेवर पडल्या पडल्या तिला स्वप्न पडलं. दौंडजवळ भीमेच्या काठावर ती उभी होती. पण नदी सून सांगायची तशी होती, पलीकडचा काठ धुक्यात गेलेली, संथ, चहाच्या रंगाची. पलीकडून कुणीतरी हाका मारत होतं. पाण्यावरून येता येता त्या हाकेतला मधला आवाज तेवढा पोचत होता, आधीचं आणि नंतरचं अक्षर बुडून जात होतं. नुसता उ. कुठला ते कळत नव्हतं. ती ओ द्यायला तोंड उघडायची आणि ओठ कसे करावेत तेच आठवायचं नाही. जाग आली तेव्हा उन्हं चाळीच्या खाली उतरली होती आणि सून उशाशी बसून तिच्या कपाळावरचा घाम पुसत होती.

"काय म्हणत होतात झोपेत?"

"तुझ्याच भाषेत व्हतं," अनसाबाई म्हणाली. "मला तरी काय ठावं?"

पुढच्या दिवाळीत फॅंगला दिवस गेल्याचं नीट दिसायला लागलं. माघात तिला मुलगी झाली, दौंडच्या दवाखान्यात, सकाळी साडेनऊला. आणि चौथ्या दिवशी बुनमी आली. तिनं आयुष्यात जिल्हा ओलांडला नव्हता. सुरजनं तिकिटं पाठवली, तिकडच्या भाच्यानं विमानात बसवून दिलं, आणि पुण्याच्या विमानतळावर तिला घ्यायला संपत गेला. तो रांजणगावच्या एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. त्या दिवशी रजा टाकून भाड्याची जीप घेऊन गेला होता. "अक्का," त्यानं आल्या आल्या सांगितलं, "सगळ्या वाटंनं एक शब्द बोलली न्हाई. हात जोडून बसली व्हती."

अनसाबाईनं भाकरतुकडा ओवाळून तिला घरात घेतलं. फोनवरची बाई प्रत्यक्षात फारच लहानखुरी निघाली. दोघी एकमेकींना बघून हसल्या आणि पुढं काय करावं ते दोघींनाही सुचेना. मग बुनमीचं लक्ष आतल्या बाजेकडं गेलं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती, बाळंतिणीला शेक म्हणून. ती खाली वाकली, शेगडीकडं बघितलं, अनसाबाईकडं बघितलं आणि जोरजोरात मान डोलावली. तिच्या गावीही बाळंतिणीला असंच निखाऱ्यांशी निजवतात, फॅंगनं सांगितलं. त्यानंतर बोलायची फारशी गरज पडली नाही. जेवणावरून तेवढं जरा झालं. अनसाबाईचे डिंकाचे लाडू, बुनमीचं भाजलेलं आलं आणि मीठभात. शेवटी सुनेनं दोन्ही खाल्लं. घरात दिवसातून दहा वेळा कूअ ऐकू यायला लागलं. बुनमी चुलीपुढं बसायची, हात लांब करायची, कूअ म्हणायची आणि अनसाबाई मिठाची बरणी पुढं करायची.

नवव्या दिवशी सुरज पहाटेच पहिल्या शिफ्टला गेला. भैरू मेंढरं घेऊन बाहेर पडला. बाळाला पाजून फॅंग झोपली होती. अनसाबाई अंगणातून पाण्याची कळशी घेऊन आत आली. बुनमी चुलीपुढं, दाराकडं पाठ करून बसली होती. निखाऱ्यावर आलं भाजत होतं. वळून न बघता ती म्हणाली, "कूअ."

अनसाबाईनं कळशी ठेवली आणि सवयीनं बरणीला हात घातला. आणि तशीच थांबली.

विहिणीचं तोंड तिला दिसत नव्हतं. पाठ दिसत होती, मानेवर आलेला पिकलेला अंबाडा दिसत होता. पण तो आवाज ताणलेला नव्हता. ओठ आवळलेले होते. हे तिला दिसलं नाही, ऐकू आलं. वर्षभर आरशात बघून जे जमलं नाही, ते आत्ता, हातात मिठाची बरणी असताना, तिला स्पष्ट ऐकू आलं. बाई मीठ मागत नव्हती.

फॅंग एकदा म्हणाली होती, भीतीला लोक आता दुसराच शब्द वापरतात, पण आई जुनी, ती कूअच म्हणते.

अनसाबाईनं बरणी खाली ठेवली. ती विहिणीशेजारी जमिनीवर बसली आणि हळूच, ओठ आवळून, तिनं विचारलं, "कूअ?"

बुनमीनं मान वळवली. तिचे डोळे भरले होते. तिनं आतल्या खोलीकडं बोट दाखवलं आणि मग हाताची मागची बाजू स्वतःच्या कपाळाला लावली.

अनसाबाई उठून आत गेली. सुनेच्या कपाळाला हात लावला. तवा तापावा तशी तापली होती.

फॅंगनं डोळे उघडले. "काही न्हाई आत्या. थोडी कणकण आहे. आईला म्हटलं, कुणाला सांगू नको. उगाच सगळे पळतात."

"कवापास्नं?"

"लात्रीपासून."

अनसाबाईनं पुढचं ऐकलं नाही. सुरजला फोन लावून उपयोग नव्हता, कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ती तशीच चप्पल न घालता शेजारच्या मळ्यात गेली. तिथल्या सारजाबाईचा मुलगा सत्यजीत गाडी धूत होता. "आरं, गाडी काढ," तिनं लांबूनच सांगितलं, "दौंडला जायचंय." त्यानं हातातली बादली टाकली आणि विचारलंही नाही कशाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं. आत जंतू वाढायला लागलेत, म्हणाल्या. औषधं लगेच चालू करू, तीन दिवस इथंच ठेवू. "बरं केलंत आजच आणलंत. दोन दिवस घरी काढले असते तर मग अवघड झालं असतं."

सलाईन लागलं. बाळ सोबत आलेल्या सारजाबाईनं मांडीवर घेतलं. बुनमी बाहेरच्या बाकावर बसली होती, पाय वर घेऊन, हात जोडून. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? सांगणारी तर आत खाटेवर होती. अनसाबाई तिच्याजवळ गेली. जवळचे सगळे शब्द तिनं धुंडाळून पाहिले. बकरी होती, बाजार होता, मीठ होतं, किती वाजले होतं. शेवटी एक सापडलं, फॅंग बाळाला पाळण्यात टाकताना म्हणायची ते. "खॉय यू नी." मी इथं आहे.

एखादा स्वर चुकला असेल त्यातही. बुनमीनं तिचा हात घट्ट धरला आणि सोडला नाही. दुपार झाली, ऊन बाकापर्यंत आलं आणि बाकावरून सरकून भिंतीवर चढलं. बाहेर स्टेशनकडून गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. दोघी तशाच बसून राहिल्या. कधीतरी दोघींनाही एकदमच डुलकी लागली. सुरज शिफ्ट सुटल्यावर धावत आला तेव्हा त्याला बाकावर दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तेव्हा फॅंगनं सांगितलं. तिला एक मोठी बहीण होती. पहिलं बाळंतपण घरीच झालं. आठव्या रात्री ताप भरला. दवाखाना नदीपलीकडं, सकाळी जाऊ म्हणाले. नवव्या दिवशी संध्याकाळी ती गेली. आई त्यावर कधी बोलत नाही. "मला वाटलं, ती विसललीय," फॅंग म्हणाली.

"आय विसरत नसती," अनसाबाई म्हणाली. मग जरा रागानं, "आन् तू काय लपवून ठिवत व्हतीस? माझ्यापास्नं?"

फॅंगनं सासूचा हात ओढून कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं.

बुनमी सव्वा महिना राहिली. तेवढ्यात तिला ज्वारीची भाकरी मोडायला आली, थापायला मात्र आली नाही. भैरूबरोबर ती मेंढरांमागं दोनदा जाऊन आली. तो मराठीत बोलायचा, ती लाओत बोलायची, आणि दोघंही म्हणायचे की सगळं कळलं. अनसाबाईचा तिसरा उ अजूनही पाचातून दोनदा चुकायचा. चुकला की बुनमी तिच्या गालांना दोन्ही बाजूंनी चिमटे घेऊन ओठ ताणायची.

जायच्या दिवशी अनसाबाईनं विहिणीची ओटी भरायला काढली. खण, नारळ, तांदूळ. निरोपाला आलेली सारजाबाई तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अनसे, तिला मालक न्हाई. अशीची ओटी भरत्यात का?"

"माझी इहीण हाय ती," अनसाबाई म्हणाली. "तिला काय भरल्या वटीनं पाठवू नको?"

मग सारजाबाईनंच पुढं होऊन हळदीकुंकवाचं ताट धरलं.

बुनमीनं ओटी पदर नसलेल्या कमरेच्या कापडात नीट बांधून घेतली. मग तिनं आपल्या पिशवीतून पांढऱ्या सुताची गुंडी काढली. सगळ्यांना अंगणात बसवलं. आधी बाळाच्या मनगटाला सूत बांधलं, मग लेकीच्या, जावयाच्या, भैरूच्या. बांधताना ती पुटपुटत होती. अनसाबाईच्या मनगटाशी आली तेव्हा ती बराच वेळ पुटपुटली. जीव अंगातून भटकतो, त्याला बोलावून परत बांधून ठेवायचं असतं, फॅंगनं कानात सांगितलं. अनसाबाईला त्या पुटपुटण्यातले चार-पाच शब्द लागले. आई. भात. डोळे. ये. पुन्हा एकदा, ये.

"कवा येऊ?" तिनं मराठीतच विचारलं.

"भात कापतात तेव्हा," फॅंगनं सांगितलं. "तुमच्या माल्गशीषात."

"येती म्हन."

"तुम्हीच म्हणा, आत्या."

अनसाबाईनं म्हटलं. बुनमीनं या वेळी गालांना हात लावला नाही.

संपतनं जीप चालू केली. बुनमी पुढच्या सीटवर बसली, ओटी मांडीवर घेऊन. रुळांच्या फाटकाशी जीप थांबली, एक लांबलचक मालगाडी जाईपर्यंत थांबूनच राहिली, आणि सगळे अंगणात उभे राहून तिकडं बघत राहिले. गाडी गेली, फाटक उघडलं, जीप धुळीत दिसेनाशी झाली. फॅंग बाळाला घेऊन आत गेली. भैरूनं मेंढरं सोडली. अकरा वाजता शेतीची लाईट यायची होती आणि कांद्याला पाणी द्यायचं राहिलं होतं. अनसाबाईनं पदर खोचला आणि मोटारीकडं चालू लागली.